क्रमांक चार

सही माझी आहे,
ते आधीच सांगून टाकते.
गुजराती अर्जाखाली मराठी सही,
सेक्रेटरीच्या शिक्क्याला जराशी घासून गेलेली.

महापालिकेच्या बागखात्याचा माणूस
फेब्रुवारीत आला, हातात लाकडी हातोडी.
मांजलपूरच्या आमच्या गल्लीत
एकेका सोनमोहराला कान लावून ठोकत गेला,
डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतात तसा.
एक. दोन. तीन.
चौथ्याशी थांबला, पुन्हा ठोकलं.
"बेन, तुम्हीच ऐका."
रिकाम्या पिंपाचा आवाज.
बुंध्याला ताटलीएवढी अळंबी फुटली होती,
दोन वर्षं आम्ही तिला
शोभा म्हणत होतो.
लाल रंगातल्या चारच्या आकड्याभोवती
त्यानं एक गोल काढला.

गेल्या वैशाखातली फांदी सगळ्यांना आठवत होती.
रात्री अडीचला, वावटळीत,
नेमकी रमणच्या टेबलावर.
रमण म्हणजे आमचा इस्त्रीवाला.
सकाळी त्यानं टेबलाचा चुरा पाहिला,
खाली दबलेला दिघ्यांचा शर्ट ओढून काढला,
झटकला,
आणि विचारलं, "आज कपडे कुठं करू?"

सभा तासभर चालली.
खानविलकर म्हणाले, छाटा, पण मारू नका.
जिग्नाबेन म्हणाल्या, माझी गाडी नवी आहे.
दिघे काही बोलले नाहीत.
शहाऐंशी साली, कुंपणं पडायच्या आधी,
आंघोळीचं पाणी बादलीनं वाहून
चारही झाडं त्यांनीच जगवली होती.
रमणला बोलवायचा प्रश्नच नव्हता.
तो मेंबर नाही.

छोटाउदेपूरकडचे तिघे राठवा भाऊ आले.
शेंड्यापासून सुरुवात, फांदीफांदीला दोर.
फांद्यांबरोबर खाली उतरली
किती उत्तरायणांची लूट:
पतंगांचे सांगाडे,
गुलाबी मांजा विटून पांढरा झालेला,
आणि एक निळी चप्पल, लहान मुलाची,
जिच्यासाठी धाकट्याला मी मारलं होतं.
कुणाला न दाखवता
ती मी पिशवीत टाकली.

बुंधा कापला तेव्हा आत लाकूड नव्हतंच.
चहाच्या चोथ्यासारखा भुगा,
आणि कडेनं वीतभर जिवंत साल.
एवढ्यावर उभं होतं.
एवढ्यावर मार्चपासून पिवळंधम्मक.
"बघा, बरोबर होतो आपण," कुणीतरी म्हणालं.
हो, बरोबर होतो.
दिघ्यांच्या गॅलरीकडे
कुणी मान वर करून बघेना.

नवं काय लावायचं, यावर वेगळी सभा.
आसोपालव नको, त्याला सावली नाही.
सप्तपर्णी नको, मानेवहिनींना दमा.
शेवटी बकुळ,
तीनशे वीस रुपयांची, माझ्या कमरेएवढी,
जुन्या परकराच्या नाडीनं बांबूला बांधलेली.
बकुळ फार सावकाश वाढते,
हे नर्सरीवाल्यानं पैसे मोजून घेतल्यावर सांगितलं.
मी अडुसष्टची.
हिशेब केला नाही.
हिशेब खजिनदार बघतात.

भिंतीच्या सावलीत रमणनं आठवडा काढला,
ऊन सरकेल तसं टेबल सरकवत.
मग दिसेना.
काल कळलं, रस्त्यापलीकडच्या सोसायटीत
शिरीषाखाली त्यानं बस्तान मांडलंय.

साड्या घेऊन गेले.
काय सावली होती!
अंगावर कुणी ओला पंचा टाकावा तशी.
तो पाठमोरा कोळसे फुलवत होता.
मी बोट वाकवून बुंध्यावर वाजवलं.
मग जरा वळसा घालून
पलीकडच्या बाजूनं.

"काय झालं, बेन?"

"साड्या पाच आहेत," मी म्हटलं,
"मोजून घे."